रात्री नऊची कॉफी : डिकॅफच्या प्रश्नाचा आढावा

आमच्या घरी कॉफी ही रात्रीची गोष्ट होती. चहा दिवसभर व्हायचा; पण पाहुणे जेवून सुपारी कातरत बसले की आई आतून विचारायची, "कॉफी टाकू का थोडी?" दूध वर यायला लागलं की ती गॅस बारीक करायची आणि सहाणेवर जायफळाचे चार वळसे घासून घ्यायची. वेलदोड्याची पूड, सढळ हाताने साखर, आणि कॉफी मात्र चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच. ती कॉफी पिऊन कुणाची झोप उडाल्याचं मला आठवत नाही. आज हिशेब केला तर कारण कळतं. सहा कपांत मिळून दीड-दोन चमचे कॉफी, तीही चिकोरी मिसळलेली, आणि वर जायफळ. तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून आपल्याकडे घुटीत जे उगाळतात, तेच.

आता घराघरातली कॉफी बदलली आहे. माटुंग्याहून ताजी दळून आणलेली पीबेरी, चिकोरी अजिबात नको असा आग्रह, दुपारी ऑफिसातल्या मशीनची, संध्याकाळी कॅफेतला भलामोठा मग. चमच्याच्या टोकावरची कॉफी अशी मगात पोचली आणि तिच्यासोबत तक्रारी आल्या : रात्री दोनपर्यंत टक्क जाग, छातीत धडधड, पित्त. डॉक्टर सांगतात, "कॉफी कमी करा." मग घरातलं कुणीतरी डिकॅफचं पाकीट घेऊन येतं, आणि तिथून प्रश्नांची माळ सुरू होते. यातलं कॅफिन खरंच गेलेलं असतं का? ते काढायला कुठलं रसायन वापरतात? झोप सुधारेल का, पित्त थांबेल का? आणि चवीचं काय? या प्रश्नांवर गेली शंभर-सव्वाशे वर्षं काम झालं आहे. काही ठिकाणी उत्तरं पक्की आहेत, काही ठिकाणी जाणकारांमध्येच मतभेद आहेत.

कॅफिन वेगळं झालं ते असं

१८१९ साली जर्मनीत, येना इथे, फ्रीडलीब रुंगं नावाचा पंचविशीतला रसायनशास्त्रज्ञ कवी गटे याला भेटायला गेला. शाकुंतलाची मुक्तकंठाने स्तुती करणारा तोच हा गटे. रुंगंने वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते ते करून दाखवलं. खूश होऊन गटेने त्याला कॉफीच्या दुर्मीळ बिया भेट दिल्या आणि यात काय आहे ते शोध, म्हणून सुचवलं. त्या बियांमधून रुंगंने जे वेगळं केलं ते कॅफिन.

पण कॅफिन काढून घेतलेली कॉफी बाजारात यायला आणखी ८७ वर्षं जावी लागली. ब्रेमेनचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलियस याची अशी समजूत होती की, आपले वडील अतिरिक्त कॉफीपायी गेले. वडीलही याच धंद्यात होते, दिवसभर कॉफी चाखण्याचं त्यांचं काम. पुढची गोष्ट कंपनीच्या आख्यायिकेसारखी सांगितली जाते : एका जहाजातली कॉफी समुद्राच्या पाण्यात भिजली, वाया गेली म्हणून तिची तपासणी केली, तर कॅफिन बरंच कमी झालेलं, चव मात्र फारशी बिघडलेली नाही. आख्यायिका सोडली तरी त्याची पद्धत नोंदलेली आहे. बिया वाफेने फुगवायच्या आणि बेंझिनने धुऊन त्यांतलं कॅफिन काढून घ्यायचं. १९०६ साली त्याची 'काफे हाग' कंपनी सुरू झाली. फ्रान्समध्ये हीच कॉफी 'सांका' नावाने गेली. 'सां काफेइन', म्हणजे कॅफिनविना, याचं ते लघुरूप. अमेरिकेत सांकाच्या नारिंगी डब्याची इतकी सवय झाली की, तिथल्या खानावळींत डिकॅफच्या किटलीचा कान आजही बहुधा नारिंगी असतो.

बेंझिनने कर्करोग होतो हे आता सर्वमान्य आहे. वडिलांच्या मृत्यूने हळहळलेल्या माणसाने लोकांच्या भल्यासाठी जे पेय काढलं, ते या द्रावकाने धुतलेलं होतं. डिकॅफबद्दलचा संशय पहिल्या डब्यापासूनचा आहे, आणि त्याला आधार होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

काढण्याच्या चार वाटा

कॅफिन नेहमी हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बियांतून काढतात. भाजल्यावर काढायला गेलं तर सुगंधही हातचा जातो. आज मुख्यतः चार पद्धती चालतात.

पहिलीत डायक्लोरोमिथेन हे द्रावक वापरतात. वाफेने फुगलेल्या बिया त्यात धुतात, किंवा आधी बिया पाण्यात भिजवून नुसतं ते पाणी द्रावकाने साफ करतात. बेंझिननंतर बरीच वर्षं ट्रायक्लोरोएथिलीन चालायचं. १९७०च्या दशकाच्या मध्यास ते उंदरांमध्ये कर्करोग निर्माण करतं असं दिसलं आणि कारखान्यांनी ते सोडून डायक्लोरोमिथेन धरलं.

दुसरी पद्धत एथिल ॲसिटेटची. हे रसायन पिकलेल्या फळांतही थोडं असतं. कोलंबियात ते उसापासून बनवतात, म्हणून अशा कॉफीवर 'शुगरकेन डिकॅफ' असं मिरवलेलं दिसतं. ऊस म्हटलं की आपण कान टवकारतो. प्रकारही आपल्या ओळखीचाच आहे : मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून एथिल ॲसिटेट. 'नैसर्गिक' या शब्दावर मात्र अडून बसू नये. रेणू उसाचा असो वा पेट्रोलियमचा, तो एकच असतो. हे द्रावक तुलनेने निर्धोक मानलं जातं ते त्याच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे, उसाच्या पुण्याईने नव्हे.

तिसरी पाण्याची. तिचा उगम स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकातला, बाजारात ती आली १९८०च्या दशकात, आणि आज 'स्विस वॉटर'चा कारखाना कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आहे. तिची युक्ती मला फार आवडते. नुसत्या पाण्यात बिया भिजवल्या तर कॅफिनबरोबर चवही निघून जाते. म्हणून आधी एका घाण्यातल्या बिया भिजवून कॉफीचा दाट अर्क करून घेतात आणि त्यातलं तेवढं कॅफिन कोळशाने गाळून काढतात. हाती राहतं ते चवीने काठोकाठ भरलेलं पण कॅफिन नसलेलं पाणी. त्यात नव्या बिया टाकल्या की चवीच्या घटकांना बाहेर यायला जागाच उरत नाही. बाहेर पडतं ते कॅफिन.

चौथी पद्धत म्हणजे प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. या अवस्थेत तो धड वायूही नसतो, धड द्रवही नसतो. वायूसारखा बीमध्ये शिरतो आणि द्रवासारखं कॅफिन विरघळवून घेतो. म्यूलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या कुर्ट झोझेल यांनी १९६०च्या दशकात ही वाट शोधली. यंत्रसामग्री महाग, त्यामुळे ती मोठ्या कारखान्यांनाच परवडते.

मागच्या वर्षी ओळखीच्या एका कॉफी भाजणाऱ्याने माझ्या एका तळहातावर साध्या हिरव्या बिया ठेवल्या आणि दुसऱ्यावर डिकॅफच्या. साध्या बिया निळसर हिरव्या, कडक, वासाला ओल्या गवतासारख्या. डिकॅफच्या न भाजताच तपकिरी, निस्तेज, थोड्या सुरकुतलेल्या. भिजून, फुगून, पुन्हा वाळून आलेलं कडधान्य दिसतं तशा. भाजायला टाकल्यावर त्या लवकर काळवंडल्या, तडतडण्याचा आवाज दबका आला आणि तेल चटकन पृष्ठभागावर चढलं. "रंगावर जाल तर फसाल," तो म्हणाला, "हिला वासावर भाजावं लागतं." डिकॅफच्या चवीबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला त्या तळहातावर दिसलं.

द्रावकाचा वाद

सगळ्यात तापलेला वाद डायक्लोरोमिथेनचा आहे. अमेरिकेत डिकॅफ कॉफीत त्याचा अंश दहा लाख भागांत १० भागांपर्यंत चालतो. युरोपीय संघाची मर्यादा अधिक कडक, भाजलेल्या कॉफीत किलोमागे २ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली हे रसायन 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. रंग खरवडून काढायच्या कामात त्याची वाफ हुंगून अमेरिकेत कामगार दगावले आहेत. एप्रिल २०२४मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने त्याच्या बहुतेक औद्योगिक आणि घरगुती वापरावर बंदी आणली. अन्नपदार्थ त्या खात्याच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून कॉफी त्यातून वगळली गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला काही संस्थांची याचिका तिथल्या अन्न व औषध प्रशासनापुढे आली : हे द्रावक अन्नातूनही हद्दपार करा.

याचिकाकर्त्यांचा आधार १९५८च्या 'डिलेनी कलमा'चा आहे. माणसात किंवा प्राण्यांत कर्करोग घडवणारा पदार्थ अन्नात मिसळायला परवानगी देऊ नये, असं ते कलम सांगतं. त्यात किती प्रमाणात, हा प्रश्नच नाही. त्यांचं दुसरं म्हणणं साधं आणि मला वजनदार वाटणारं आहे : पाणी, कार्बन डायऑक्साइड, एथिल ॲसिटेट असे पर्याय हाताशी असताना ही जोखीम घ्यायचीच कशाला? गरोदर बायका आणि आजारी माणसं डिकॅफकडे वळतात ती काळजीपोटी. त्यांना तर ही जोखीम मुळीच नको.

उद्योगाचं उत्तरही ऐकून घेण्यासारखं आहे. डायक्लोरोमिथेन ४० अंश सेल्सियसलाच उकळतं, आणि बिया २०० अंशांच्या आसपास भाजल्या जातात. वाफवणं, वाळवणं, भाजणं, मग उकळतं पाणी ओतणं, इतक्या पायऱ्यांनंतर कपात उरतो तो अंश मर्यादेच्याही कितीतरी खाली असतो. कारखान्यातल्या कामगाराने हुंगलेली वाफ आणि कपातला अंश यांची तुलना होऊ शकत नाही, असं ते म्हणतात. शिवाय डिकॅफ पिणाऱ्यांच्या मोठ्या पाहण्यांमध्ये कर्करोग वाढलेला दिसलेला नाही.

दोन्ही बाजूंची विधानं आपापल्या जागी बरोबर आहेत. एक बाजू तत्त्वाचं बोलते, दुसरी प्रमाणाचं. ग्राहकाच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे. पाकिटावर अनेकदा 'डिकॅफिनेटेड' एवढाच शब्द असतो. पाण्याची पद्धत वापरणारे ती ठळक छापतात. बाकीचे गप्प राहतात.

किती उरतं?

डिकॅफ म्हणजे शून्य कॅफिन नव्हे. युरोपात भाजलेल्या डिकॅफमध्ये ०.१ टक्क्यापर्यंत कॅफिन चालतं. अमेरिकेत किमान ९७ टक्के काढलेलं असावं असा प्रघात आहे. साध्या गाळीव कॉफीच्या सुमारे २४० मिलिलिटरच्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच डिकॅफमध्ये बहुधा २ ते ७ मिलिग्रॅम. दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्याला हा फरक पुरेसा आहे. ज्याला डॉक्टरांनी कॅफिन पूर्ण बंद सांगितलंय आणि जो 'डिकॅफच तर आहे' म्हणत सहा कप पितो, त्याने मात्र बेरीज करून पाहावी.

टक्केवारीच्या भाषेत एक खाचही आहे. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. दोन्हींतून ९७ टक्के काढलं तरी रोबस्टात दुप्पट उरतं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त, म्हणून आपल्याला 'किती काढलं' यापेक्षा 'किती उरलं' हा आकडा अधिक कामाचा.

झोप, हृदय, पित्त, पोटातलं बाळ

लोक डिकॅफकडे ज्या कारणांनी वळतात, त्यांतलं सर्वांत भक्कम कारण झोपेचं आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि आपल्याला पेंग येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, नुसता जाणवेनासा होतो. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे पाच वाजता घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरीही झोप तासाहून अधिक घटली. २०२३मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात शंभर निरोगी माणसांना दोन आठवडे आळीपाळीने कॉफी पिऊ दिली आणि बंद केली. कॉफीच्या दिवशी ती सरासरी ३६ मिनिटं कमी झोपली. त्या दिवशी ती सुमारे हजार पावलं जास्त चाललीही, हे सांगायला हवं.

पाच तास ही सरासरी झाली. यकृतातलं जे विकर कॅफिन मोडतं, त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. सिगारेट ओढणाऱ्याचं कॅफिन लवकर निघून जातं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचं दुपटीने रेंगाळतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा काळ पंधरा तासांपर्यंत लांबतो. 'मी तर रात्री अकराला कॉफी पिऊन झोपतो' असं सांगणारे काका आणि दुपारच्या कपाने रात्र जागून काढणारी त्यांची सून, दोघंही खरं बोलत असतात.

हृदयाच्या बाबतीत मात्र जुना समज डळमळला आहे. धडधड होते म्हणून कॉफी बंद, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. कॅफिनने रक्तदाब तात्पुरता चढतो हे खरं आहे, आणि रक्तदाब ज्यांच्या आटोक्यात नाही त्यांनी जपायलाच हवं. पण ब्रिटनच्या बायोबँकेतल्या लाखो माणसांच्या नोंदींवरून २०२२ साली निघालेला निष्कर्ष असा की, रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला, साध्या कॉफीत आणि डिकॅफमध्येही. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता मात्र साधी कॉफी पिणाऱ्यांत कमी दिसली, डिकॅफ पिणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. अपेक्षेच्या अगदी उलट. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांना आधीच त्रास आहे तेच डिकॅफकडे वळतात, त्यामुळे तुलना तिरपी होते. तरी २०२५च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने वजन आणखी त्याच पारड्यात टाकलं. ठोके अनियमित असलेल्या, उपचाराने पूर्ववत झालेल्या दोनशे कॉफीबाजांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. सहा महिन्यांत कॉफी चालू ठेवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला. पूर्ण सोडलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना. दोनशे हा आकडा लहान आहे, आणि कॉफी प्यायल्यावर ज्यांना स्वतःलाच धडधड जाणवते त्यांना हे आकडे देऊन पुन्हा पाजू नये. पण 'हृदयासाठी डिकॅफ' हा सरसकट सल्ला आता टिकत नाही.

पित्ताचं कोडं अजून सुटलेलं नाही. छातीत जळजळ होते म्हणून डिकॅफ घेणारे आपल्याकडे पुष्कळ. १९७५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की जठरातलं आम्ल डिकॅफनेही साध्या कॉफीइतकंच वाढतं आणि नुसत्या कॅफिनपेक्षा जास्त. म्हणजे दोषी कॅफिन एकटं नाही. कॉफीतली इतर द्रव्यंही आम्लाला चालना देतात. नव्वदच्या दशकात जर्मनीत झालेल्या प्रयोगांत मात्र आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचं प्रमाण डिकॅफने कमी झालं. आम्ल तयार होणं आणि ते वर येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढा धागा त्यातून हाती लागतो. आंबट ढेकर आणि जळजळ वर येत असेल त्याला डिकॅफने उतार पडू शकेल. रिकाम्या पोटी कॉफी घेऊन ज्याच्या पोटात आग पडते त्याने पाकीट बदलण्याआधी वेळ बदलून पाहावी.

गरोदरपणी मर्यादा कुठे आखायची यावर एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली गरोदर बाईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटना ३०० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांनी कमी करावं म्हणते. २०२०मध्ये जॅक जेम्स या संशोधकाने उपलब्ध अभ्यास चाळून म्हटलं की, सुरक्षित अशी पातळीच नाही, कॅफिन टाळणंच बरं. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी हे मान्य केलं नाही. इथे डिकॅफ स्वीकारायला अडचण दिसत नाही. फक्त पाण्याच्या पद्धतीची घ्यावी, म्हणजे द्रावकाची शंकाही उरत नाही. पण आपल्या बायकांसाठी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कॉफीतली जी द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत ती डिकॅफमध्येही तशीच असतात, चहातही असतात. जेवण झाल्याझाल्या कप तोंडाला लावायचा नाही, तासभर थांबायचं, हा नियम डिकॅफलाही लागू.

कॅफिन गेल्याने काय गमावतो, याचीही नोंद हवी. मधुमेह आणि यकृताचे विकार कॉफी पिणाऱ्यांत कमी दिसतात, आणि हा लाभ डिकॅफमध्येही बव्हंशी तसाच आढळतो. पार्किन्सन्सचा धोका कमी दिसतो तो मात्र कॅफिनवाल्या कॉफीत.

सोडताना डोकं धरतं

साधी कॉफी एका दिवसात थांबवून डिकॅफ सुरू केली तर बहुधा दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. सुटल्यापासून १२ ते २४ तासांत सुरुवात, दुसऱ्या दिवशी जोर, आणि दोन ते नऊ दिवसांत शांत, असा त्याचा क्रम अभ्यासांतून पक्का झालेला आहे. सोबत चिडचिड, पेंग, कामात लक्ष न लागणं. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं. मी स्वतः सोमवारी सकाळी बदल केला आणि मंगळवारी दुपारी डोळ्यांमागे कुणी अंगठा दाबून धरावा तसं दुखू लागलं. मग ड्रॉवरमधली डोकेदुखीची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात मोकळं वाटलं. गोळीच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं नंतर वाचली : त्यात कॅफिन होतं. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असतं, म्हणून वेष्टन आधी वाचावं.

सिडनी विद्यापीठात २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. कॉफीची सवय असलेल्या ६१ जणांना २४ तास कॉफीविना ठेवलं. मग काहींना पाणी दिलं, काहींना डिकॅफ दिली पण साधी आहे असं सांगितलं, काहींना डिकॅफ आहे असं खरं सांगूनच दिली. फसवलेल्यांचा त्रास सर्वांत जास्त उतरला, पण खरं माहीत असलेल्यांनाही पाण्यापेक्षा बराच आराम वाटला. वास, उष्णता, कडसर घोट यांना शरीर ओळखतं. हा आराम फार काळ पुरणार नाही, पण अवघड दुपार काढायला पुरतो. व्यवहारात यातून निघतं ते मिश्रण : पहिले चार-पाच दिवस डब्यात पाव हिस्सा डिकॅफ, मग निम्मी, मग पाऊण. माझं दुसऱ्या वेळी असंच जमलं, डोकं न धरता.

चवीचं काय

कॉफीच्या रसिकांमध्ये डिकॅफ बराच काळ हेटाळणीचा विषय होती. चव मार खाते हे खरंही आहे, पण कारण लोक समजतात ते नाही. कॅफिन स्वतः कडू असलं तरी कॉफीच्या कडूपणात त्याचा वाटा लहान. बाकी कडूपणा भाजताना तयार होतो. चव जाते ती भिजवण्या-वाळवण्याच्या फेऱ्यांत, आणि त्याहून जास्त स्वस्त बियांमुळे. डिकॅफ कोण चाखून बघणार, म्हणून कारखाने उरल्यासुरल्या बिया तिकडे ढकलत. हे बदलतंय. २०२४ साली अमेरिकेची 'ब्रुअर्स कप' स्पर्धा वेइहाँग झँग यांनी कोलंबियाची डिकॅफ गाळून जिंकली, साध्या कॉफ्यांच्या रांगेत.

झाडातच कॅफिन नसावं असेही प्रयत्न आहेत. २००३ साली जपानी संशोधकांनी जनुकीय बदलाने कॅफिन ७० टक्के घटवलेली रोपं केली, २००४मध्ये ब्राझीलमध्ये इथिओपियाच्या जुन्या वाणांत जवळजवळ कॅफिनविरहित अरेबिका सापडली. दुकानापर्यंत यांतलं काही पोचलेलं नाही.

आपल्या घरचा हिशेब

मराठी घरात कॅफिन मुख्यतः कॉफीतून येत नाही, चहातून येतं. मोठ्या कपभर चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम, आणि आपला चहा चांगला उकळलेला असतो. सकाळचे दोन, ऑफिसात दोन टपरीवरचे, घरी आल्यावर एक, आणि रात्री मात्र काळजीपूर्वक डिकॅफ, असा दिनक्रम मी जवळून पाहिला आहे. त्या डिकॅफने झोप का सुधारत नाही, याचं उत्तर संध्याकाळी साडेसहाच्या चहात आहे.

दुसरं, चिकोरी. हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं. आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की पुरे, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे मिश्रण वापरणारं घर नकळत थोडी डिकॅफच पीत असतं. शुद्ध कॉफीचा आग्रह धरल्यावर धडधड सुरू झाली असेल तर महागडी डिकॅफ आणण्याआधी जुन्या मिश्रणाकडे जाऊन बघायला हरकत नाही. स्वस्तात काम होईल.

माझा कौल असा : झोपेसाठी आणि गरोदरपणी डिकॅफ घ्यावी, तीही दुपारनंतरच्या चहासकट हिशेब करून. जळजळीसाठी दोन आठवडे करून पाहावी, फरक पडला नाही तर सोडावी. हृदयासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॉफी सोडूही नये आणि वाढवूही नये. द्रावकाची काळजी वाटत असेल तर ती वाजवी आहे, आणि तिला उपाय आहे. पाकीट घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : कॅफिन कशाने काढलं, आणि किती उरलं? उत्तर मिळालं नाही तर हेच प्रश्न पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहून पाठवा. विचारणारे वाढले, तर ही दोन उत्तरं छापणं कंपन्यांना अवघड नाही.